साडेचारनंतरची तारीख

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी चावीवालीने पाकीट पोस्टाच्या तीन नंबरच्या खिडकीतून आत सरकवले. वार गुरुवार, तारीख चौदा. पाकिटाबरोबर हाताच्या पंजाएवढा एक छापील फॉर्म होता. कोणाला पाठवले आणि कोणी पाठवले, एवढेच त्यात भरायचे होते. आतल्या कारकुनाने पाकिटावरचा पत्ता आणि फॉर्मवरचा पत्ता बोट ठेवून जुळवून पाहिला, तिकिटे बरोबर आहेत ना ते पाहिले, फॉर्मवर शिक्का मारला, पाकीट मागच्या ट्रेमध्ये टाकले आणि फॉर्म परत दिला. याला टपालात दिल्याचा दाखला म्हणतात. चावीवालीने त्याची घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि ती बाहेर पडली. शिक्क्यावरची तारीख तिने वाचली नाही.

ती चौदा नव्हती. पंधरा होती.

पाकिटात एक अर्ज होता आणि अर्जावर गाळा क्रमांक सतराचे भवितव्य अवलंबून होते. झाकलेल्या बाजाराच्या उत्तरेकडच्या दारातून आत गेले की डाव्या हाताला सहावा गाळा हा. आठ फूट रुंद, पाच फूट खोल. समोर फळी, फळीवर पकड आणि किल्ल्या कापायचे मशीन, मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या. परवाना तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, नावावर. अण्णांनी एकतीस वर्षे तिथे कानस चालवली आणि शेवटची एकोणीस वर्षे मुलगी शेजारी उभी होती. शेवटच्या चार वर्षांत अण्णांची नजर इतकी अधू झाली होती की ते नुसते स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकाला कुलूप कसे जपावे यावर व्याख्यान द्यायचे. काम सगळे तीच करायची. पण कागदावर ती कुठेच नव्हती.

बाजार कार्यालयाचा नियम असा: परवानाधारक वारल्यास नव्वद दिवसांच्या आत वारसाने नावबदलाचा अर्ज करावा, इतर वारसांची लेखी संमती जोडावी, मुदतीत अर्ज न आल्यास गाळा मोकळा समजून लिलावात काढला जाईल. कार्यालय जिल्ह्याच्या गावी, बसने अडीच तासांवर. म्हणून त्याच नियमात पुढे एक सवलत होती. अर्ज टपालाने पाठवल्यास तो टपालात दिल्याची तारीख ग्राह्य धरली जाईल, मात्र मागितल्यास तसा दाखला दाखवावा लागेल.

नव्वदावा दिवस म्हणजे चौदा तारीख.

अर्ज तर अण्णा गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात लिहून तयार होता. अडले होते ते धाकट्या भावाच्या सहीवर. धाकटा व्हॅन चालवतो, फर्निचर पोचवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो. सही करणार नाही असे तो कधीच म्हणाला नाही. पुढच्या खेपेला करतो, म्हणाला. मग पेन चालत नाही म्हणाला. मग वाचून सही करीन, म्हणाला आणि कागद व्हॅनच्या कप्प्यात घेऊन गेला. आईने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा आईने त्याला विचारले की बहिणीचा गाळा गेला तर तू तिला व्हॅनमध्ये कानस घेऊन बसवणार आहेस का.

चौदा तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो गाळ्यावर आला. कागद त्याच्या हातात होता, चहाचा एक डाग पडलेला. त्याने फळीवर कागद ठेवून सही केली.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“नव्वद दिवस लागले तुला, तीन अक्षरं काढायला,” ती म्हणाली.

“अण्णांनी मला कधी ही कानस हातात धरू दिली नाही, ताई. एकदाही नाही. सही करायला हात वळत नव्हता, एवढंच.”

ती थांबली नाही. थांबायला वेळ नव्हता. शटर त्याच्यावर सोपवून ती निघाली. पोस्ट चालत बारा मिनिटांवर. त्यात लिफाफ्यांच्या दुकानात चार मिनिटे गेली, कारण जाड लिफाफा संपला होता आणि दुकानदार तो मागच्या खोलीतून शोधून आणत होता. फॉर्म तिने पोस्टातल्या उंच टेबलावर भरला, दोरीने बांधलेल्या पेनाने.

रजिस्टर करायची तिची इच्छा होती. रजिस्टरची खिडकी चारला बंद होते. त्यानंतर पाचपर्यंत साधे टपाल घेतात. साधे टपाल बाहेरच्या लाल पेटीत टाकले तर ते कधी टाकले हे टाकणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नसते. तेच खिडकीत दिले आणि फॉर्म भरला, तर दाखला मिळतो. दाखला फार काही सांगत नाही. आत काय होते ते सांगत नाही, पोचले की नाही तेही सांगत नाही. एवढेच सांगतो की या पत्त्याचे एक पाकीट या कचेरीने या तारखेला ताब्यात घेतले. चावीवालीला तेवढेच हवे होते.

पुढचे अठरा दिवस तिने त्या कागदाकडे पाहिले नाही. लॅचच्या किल्ल्या कापल्या, एका दवाखान्याचे कपाट उघडून दिले, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या ट्रंकेचे कुलूप दुरुस्त केले. ट्रंकेत काय आहे हे त्यांनाच आठवत नव्हते, उघडल्यावर आत दुसऱ्या ट्रंकेची किल्ली निघाली. बाजारात ही गोष्ट आठवडाभर पुरली.

दोन तारखेला, मंगळवारी, बाजार कार्यालयाचे पत्र आले. आपला अर्ज या कार्यालयास अठरा तारखेस मिळाला, तो मुदतीनंतरचा आहे. आपण तो मुदतीत टपालात दिला असल्यास तसा दाखला हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सादर करावा. अन्यथा गाळा क्रमांक सतरा लिलावाच्या यादीत घेण्यात येईल. खाली सही, सहीखाली हुद्दा.

ती घाबरली नाही. तिने पर्स उघडली, घडी उलगडली आणि पहिल्यांदा शिक्का वाचला. मग तिने शेजारच्या छत्रीवाल्याला वाचायला दिला. छत्रीवाला म्हणाला, पंधरा. मग तिने तो धाकट्याला दाखवला. तो त्या दिवशी गावातच होता आणि गाळ्यासमोर व्हॅन लावून जेवत होता.

धाकट्याने कागद उजेडात धरला. पाचाचा चार करायला असा कितीसा वेळ लागणार, असे त्याचे म्हणणे पडले. तिच्याकडे दाढीच्या पात्यापेक्षा बारीक कानशी होत्या, कोरणी होती, शाईसुद्धा मिळाली असती. किल्लीचा केसाएवढा दाता घासून बसवणाऱ्या बाईला कागदावरचा एक आकडा जड जायचे कारण नव्हते.

“येतं मला ते,” ती म्हणाली. “म्हणूनच करायचं नाही.”

बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना याचा अर्थ सांगावा लागला नसता. सतरा नंबरवर साबणावरच्या ठशावरून किल्ली कापून मिळत नाही. मूळ किल्ली आणा, नाहीतर कुलूप आणा. अण्णांचा हा नियम होता आणि लोक घरची किल्ली तासाभरासाठी तिथे ठेवून भाजी आणायला जात, ते त्या नियमाच्या भरवशावर.

“मग बस नियम घेऊन,” धाकटा म्हणाला. पण डबा बंद करून तो तिच्याबरोबर पोस्टात गेला.

तीन नंबरच्या खिडकीत जे बसतात त्यांना बाजारात मिनिटकाटे म्हणतात. ते त्यांचे आडनाव नाही. पण इतकी वर्षे म्हणत आल्यामुळे काही लोक त्यांना त्याच आडनावाने पत्रिका पाठवतात, आणि पत्ता बरोबर असल्याने त्या त्यांना मिळतात. नोकरीची चौतीस वर्षे झाली होती, निवृत्ती त्याच महिन्याच्या अखेरीस. चौतीस वर्षांत सेवापुस्तकात एकही शेरा नाही. हे ते स्वतः कोणाला सांगत नसत, बाकीचे सांगत.

त्यांनी दाखला पाहिला आणि शिक्का कचेरीचाच आहे म्हणाले. चावीवालीने सांगितले की ती चौदा तारखेला आली होती, पावणेपाचच्या आत. त्यावर त्यांनी मान हलवली आणि जे सांगितले ते तिने आधी कधी ऐकले नव्हते. शेवटची थैली साडेचारला बंद होते. साडेचारनंतर घेतलेले टपाल दुसऱ्या दिवशीच्या थैलीत जाते, म्हणून साडेचारला शिक्क्याची तारीख बदलायची, असा टपालावरच्या शिक्क्याचा नियम. ते बरोबर साडेचारला बदलतात. बदललेल्या शिक्क्याचा पहिला ठसा एका वहीत घेऊन त्यापुढे वेळ लिहितात. त्यांनी ती वही काढून दाखवली. चौदा तारखेच्या ओळीत पंधरा तारखेचा ठसा होता आणि पुढे लिहिले होते: १६.३०.

“म्हणजे मी आले तेव्हा तारीख आधीच उद्याची झाली होती,” ती म्हणाली.

“चौदाला आल्या असाल, तर झाली होती.”

“आल्या असाल म्हणजे? आले होते, काका. तुमच्याच हातात दिलं.”

“असेल. पण या शिक्क्याचा दाखला चौदाच्या साडेचारपासून पंधराच्या साडेचारपर्यंत कोणालाही मिळाला असता. तुम्ही नेमक्या कधी आलात ते मला आठवत नाही. खिडकीतून मला हात दिसतात, बाई. रोज शंभर-दीडशे हात.”

धाकट्याने तेव्हा मधे तोंड घातले. काकांना विनंती एवढीच आहे, तो म्हणाला, की एका ओळीत लिहून द्या, ही बाई चौदाला आली होती. कोणाचे काय जाते? मिनिटकाट्यांनी त्याच्याकडे न पाहता उत्तर दिले की आठवत नाही ते लिहून देता येत नाही, आणि पुढच्या माणसाला पुढे यायला सांगितले.

बाहेर आल्यावर धाकटा पायरीवर उभा राहून बराच वेळ पुटपुटत होता. म्हातारा महिन्याभरात घरी बसणार, तरी काट्यावरून उतरायला तयार नाही, असे काहीतरी. चावीवाली म्हणाली की त्या जागी अण्णा असते तर त्यांनीही लिहून दिले नसते. धाकटा म्हणाला, तेच तर सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तिने दाखला फळीवर पसरला आणि डोळ्याला भिंग लावले. काय शोधायचे ते तिला माहीत नव्हते. कुलूप उघडत नसले की ती हेच करते, आधी नुसती पाहते. शिक्क्याचे वर्तुळ, वर्तुळात कचेरीचे नाव, मधे तारीख. खालच्या कडेला, शाई जिथे दाट होती तिथे, शिक्क्याच्या खाली काहीतरी पेनाने काढलेले होते. दोन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी वाकडी रेघ. नुसत्या डोळ्यांना तो शाईचा फराटा वाटला असता. तिला तो दोन दात्यांच्या किल्लीसारखा दिसला.

दहा वाजता ती खिडकीत होती, भिंग घेऊन.

मिनिटकाट्यांनी भिंगातून पाहायला वेळ घेतला. मागे तीन माणसे उभी होती. त्यातला एक म्हणाला की इथे दागिने पारखायचे काम कधीपासून सुरू झाले. त्यांनी भिंग खाली ठेवले.

“ही माझी खूण आहे,” ते म्हणाले. “पत्ता जुळला की करतो. शिक्क्याच्या आधी.”

नियमात ही खूण नाही. दाखल्यावर शिक्का पुरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठाने त्यांना सवय लावली होती आणि ती सुटली नव्हती. इतर खिडक्यांवरचे कोणी ती करत नाही. म्हणजे पाकीट त्यांच्याच हातात पडले होते. यात नवीन काही नाही, चावीवाली म्हणाली, ती कालपासून तेच सांगते आहे.

मिनिटकाटे उठले. खिडकीवर “थोडा वेळ बंद” ही पाटी लावली. रांगेतला माणूस काही बोलणार होता, पण तीन नंबरची खिडकी कामाच्या वेळात बंद झालेली त्याने कधी पाहिली नव्हती, त्यामुळे तो पाहतच राहिला. ते आतल्या खोलीत गेले आणि हजेरीपुस्तक घेऊन आले. मागच्या महिन्याचे पान उघडून त्यांनी पंधरा तारखेच्या चौकोनावर बोट ठेवले. तिथे लाल शाईने लिहिले होते: रजा.

थोरल्या मुलीच्या घराची हलवाहलव होती. पूर्ण दिवस रजा. त्या दिवशी तीन नंबरवर दुसरा कारकून बसला होता आणि संध्याकाळी त्यानेच शिक्का सोळावर नेला होता. वहीत त्याचा ठसा होता, वेळ १६.४२. तो आकडा पाहून मिनिटकाट्यांच्या कपाळावर आठी पडली.

“माझी खूण आणि पंधराचा शिक्का एका कागदावर यायला एकच अर्धा तास आहे,” ते म्हणाले. “चौदाचे साडेचार ते पाच.”

“मग लिहून देता?”

“मला आठवत नाही हे आधी लिहीन. मग हे लिहीन.”

इथे गोष्ट संपली असती, पण निवेदनावर पोस्टमास्तरबाईंचीही सही लागत होती, म्हणून शिक्क्याचा नियम त्यांच्या टेबलावर गेला. बाई वर्षभरापूर्वी बदलून आल्या होत्या, वयाने मिनिटकाट्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी नियमावली काढली आणि मोठ्याने वाचली. टपालावरचा शिक्का थैलीप्रमाणे चालतो. दाखल्यावर मात्र वस्तू प्रत्यक्ष घेतल्याची तारीख हवी. म्हणून कचेरीत दोन शिक्के असतात, एक टपालासाठी, एक खिडकीच्या कागदांसाठी. खिडकीच्या शिक्क्याचे महिन्याचे चाक अडकले म्हणून तो चार महिन्यांपूर्वी दुरुस्तीला पाठवला होता. तो आला नाही. तेव्हापासून दोन्ही कामे एकाच शिक्क्यावर चालली होती. दुसरा शिक्का नसेल तर दाखल्यावर तारीख हाताने लिहून सही करायची, अशीही सोय नियमात होती. ती कोणी वापरली नव्हती. साडेचारनंतर दाखला मागणारे महिन्यातून दोघेतिघे, आणि तारीख वाचणारे त्याहून कमी.

बाईंनी मिनिटकाट्यांना समोर बसवले. चावीवाली दाराशी उभी होती, तिला कोणी बाहेर जा म्हणाले नाही. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे: हे लिहून दिले की प्रत वरच्या कचेरीत पाठवावी लागेल. चार महिने चुकीच्या तारखेचे दाखले दिले, हे आपणच आपल्या हाताने लिहिले असे होईल. त्यांच्या स्वतःच्या नावावर शिक्क्यासाठी स्मरणपत्र न पाठवल्याचा ठपका येईल, तो त्या सोसतील, त्यांच्या पुढे पंचवीस वर्षे आहेत. पण काकांच्या हातात सव्वीस दिवस उरलेत.

“शेरा आला तर तो पुसायला तुमच्याकडे वेळ नाही, काका,” बाई म्हणाल्या.

“शेरा चुकीचा असता तर पुसायचा प्रश्न,” मिनिटकाटे म्हणाले.

बाई काही वेळ नियमावलीची पाने चाळत राहिल्या. चावीवालीकडे पाहून त्यांनी विचारले की मूळ दाखल्यावर आता हाताने तारीख दुरुस्त केली तर. मिनिटकाट्यांनीच उत्तर दिले: दिलेल्या दाखल्यावर मागाहून खाडाखोड केली की तो रद्द होतो. बाई म्हणाल्या, मला माहीत आहे, तुम्ही काय म्हणता ते ऐकायचे होते. शेवटी त्यांनी सोमवारपर्यंतचा वेळ मागितला.

मधल्या चार दिवसांत बाजारात दोन तट पडले. छत्रीवाल्याचे म्हणणे होते की बाई सोमवारी आजारी पडणार. पिशव्या विकणारी मावशी म्हणाली की मिनिटकाटे इतका सरळ माणूस आहे की स्वतःच्याच पायावर शिक्का मारून घेईल. धाकटा परगावी होता. त्याने तिथून फोन करून विचारले की काही झाले का, आणि मग, बराच वेळ इकडचेतिकडचे बोलून, हेही विचारले की आपण सही महिनाभर आधी केली असती तर हे काहीच झाले नसते ना. चावीवालीने सांगितले की नसते झाले. तो म्हणाला, बरं. फोन ठेवायच्या आधी त्याने आई जेवली का ते विचारले.

आई जेवली होती. आईला सगळे ठाऊक होते आणि तिचा राग पोस्टावर नव्हता, पोरावरही नव्हता. अण्णांवर होता. जिवंतपणी नाव लावून घ्या म्हणून कानीकपाळी ओरडले, ती म्हणाली, तर म्हणे एवढ्यात कशाला, मी काय चाललोय थोडाच.

सोमवारी, आठ तारखेला, सकाळी पोस्टमास्तरबाई कामावर होत्या. निवेदन एका पानाचे होते, टाइप केलेले. पहिले वाक्य: सदर महिला चौदा तारखेस खिडकीवर आल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर शिक्का बदलण्याची वेळ, ठशांच्या वहीचा पान क्रमांक, दुसरा शिक्का दुरुस्तीस पाठवल्याची तारीख, हजेरीपुस्तकातील नोंद आणि खूण. शेवटचे वाक्य: यावरून सदर पाकीट चौदा तारखेस सायंकाळी साडेचार ते पाच या वेळात माझ्या हाती देण्यात आले, याखेरीज दुसरा निष्कर्ष काढता येत नाही, दाखल्यावर पंधरा तारीख उमटली ती माझी चूक आहे. खाली मिनिटकाट्यांची सही, त्यांच्या खऱ्या आडनावाची. त्याखाली बाईंची प्रतिस्वाक्षरी.

चावीवालीने ते तिथेच दोनदा वाचले. पहिल्या वाक्यावर ती अडली. ते नसते तर बरे झाले असते, असे तिने सांगून पाहिले. हे वाचून तिकडचा माणूस पुढचे वाचायचाच नाही.

“ते काढलं तर बाकीचं कशाला खरं मानील कोणी?” मिनिटकाटे म्हणाले.

निवेदन, वहीच्या पानाची प्रत, हजेरीच्या पानाची प्रत आणि मूळ दाखला एका पाकिटात गेले. मूळ दाखला देऊ नका, प्रत द्या, मूळ स्वतःकडे ठेवा, असे मिनिटकाट्यांनी सुचवले. पण कार्यालयाने दाखला सादर करा असे म्हटले होते, प्रत सादर करा असे नव्हे. तेव्हा दोघांनी पत्र पुन्हा वाचले आणि मूळच पाठवायचे ठरले. तिने त्याची प्रत मात्र काढून घेतली, दोन्ही बाजूंची, मागची बाजू कोरी असतानाही.

पाकीट अकरा वाजून वीस मिनिटांनी रजिस्टर झाले, पोच मागवून. पावतीवरची तारीख तिने खिडकीतच वाचली, मोठ्याने. रांगेतल्या मागच्या बाईने विचारले, काय झाले. काही नाही, ती म्हणाली, आठ आहे.

पोचकार्ड शुक्रवारी, बारा तारखेला, परत आले. कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख दहा. पंधरा दिवसांची मुदत सतराला संपत होती, म्हणजे सात दिवस हातात ठेवून कागद पोचले होते. तिने सोमवारी कार्यालयात फोन केला. उचलणाऱ्याने फाइल साहेबांकडे आहे असे सांगितले. साहेबांनी काय ठरवले ते विचारल्यावर, फाइल खाली आली की कळेल, म्हणाला. बुधवारी पुन्हा फोन केला. फाइल वरच होती.

पोस्टाच्या वरच्या कचेरीचे उत्तर मात्र लवकर आले. मिनिटकाट्यांकडून आठ दिवसांत खुलासा मागवला होता. त्यांनी तो त्याच दिवशी दिला. त्याचे पुढे काय झाले ते त्यांना अजून कळवलेले नाही. निवृत्तीच्या आत कळवतील की नंतर, हेही कोणी सांगू शकत नाही. दुरुस्तीला गेलेला शिक्का आलेला नाही. साडेचारनंतरच्या दाखल्यांवर ते आता तारीख हाताने लिहितात आणि खाली पूर्ण सही करतात, त्यामुळे पावणेपाचला खिडकीवर थोडी रांग होते.

शुक्रवारी, एकोणीस तारखेला, सकाळी नऊ वाजता बाजार कार्यालयाचा शिपाई बसने आला आणि उत्तरेकडच्या दारातल्या फळ्यावर पुढील महिन्याच्या लिलावाची यादी चिकटवून गेला. त्याला विचारायला छत्रीवाला धावला, पण शिपायाला यादीखेरीज काही माहीत नव्हते आणि त्याची परतीची बस साडेनऊची होती. चावीवाली गाळ्यावर एका गिऱ्हाइकाची किल्ली अर्धी कापून बसली होती. ती पूर्ण करून, हात पुसून, मग ती फळ्याकडे गेली. धाकटा आधीच तिथे होता, व्हॅनची किल्ली बोटात फिरवत.

यादीत अकरा गाळे आहेत. सातव्या ओळीत गाळा क्रमांक सतरा आहे. त्या आकड्यापुढे, आणि फक्त त्याच आकड्यापुढे, एक छापील फुली आहे. यादीच्या तळाशी लिलावाची वेळ, जागा आणि अटी दिल्या आहेत. फुलीचा अर्थ दिलेला नाही.

कार्यालयाचा फोन दहाला सुरू होतो. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने तो लावला तेव्हा लाइन व्यस्त होती.